भागाकाराची बाकी आणि पंचांग

जालना जिल्ह्यांतील मंठ्याहून दक्षिणेस गेलें कीं गोदावरीच्या खोऱ्यांत पाथरी लागतें. संस्कृत ग्रंथांतील पार्थपुर तें हेंच. येथील ज्ञानराज नांवाच्या ज्योतिष्यानें शके १४२५ त, म्हणजे इ. स. १५०३ त, ‘सिद्धांतसुंदर’ हा ग्रंथ रचला. त्याचा पुत्र सूर्यदास यानें भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर इ. स. १५३८ त व ‘लीलावती’वर १५४१ त टीका लिहिल्या. या दोन्ही मूळ ग्रंथांत ‘कुट्टक’ नांवाचें एक प्रकरण आहे, आणि त्याचा सारा जीव भागाकाराच्या बाकींत आहे.

व्यवहारांत बाकीला फारसा मान नाहीं. १७ आंबे ५ मुलांत वांटले तर २ उरतात. ते कोणास द्यावे, एवढाच काय तो तंटा! गणिती मात्र उलट विचारतो. ५ नीं भागतां २ उरतात व ७ नीं भागतां ३ उरतात, ती संख्या कोणती? उत्तर १७, पण ५२ ही चालेल, कारण ३५ चें अंतर पडलें कीं त्याच बाक्या पुन्हां येतात. लहान संख्या चांचपडूनही सांपडतात. ज्योतिषांतील संख्या मात्र कोटींच्या घरांत जातात. त्यांसाठीं आर्यभटानें इ. स. ४९९ त रीत सांगितली : मोठ्या संख्येस लहानीनें भागावें, लहानीस बाकीनें, त्या बाकीस पुढील बाकीनें. संख्या अशा कुटून बारीक करावयाच्या, म्हणून हा कुट्टक. ग्रीक युक्लिडची दृढभाजक काढण्याची रीतही याच जातीची. भास्कराचार्यांनीं तर असें दाखविलें, कीं ग्रहाच्या विकला काढतांना उरलेली बाकी तेवढी हातीं असली, तरी तीवरून ग्रहाचें स्थान आणि अहर्गण, म्हणजे ठराविक आरंभापासून लोटलेले दिवस, हीं दोन्ही परत मिळवितां येतात.

पाथरीस या टीका लिहिल्या जात होत्या त्या काळांत, कोंकणांत मुरूडजवळच्या नांदगांवीं, केशवपुत्र गणेश दैवज्ञानें बाकी थेट गांवच्या जोश्याच्या हातीं दिली होती. कलियुगारंभापासून दिवस मोजावयाचे तर १६ लक्षांहून मोठी संख्या घेऊन बसावें लागे. गणेशानें ‘ग्रहलाघवा’त शके १४४२ हें आरंभवर्ष धरिलें. गतवर्षांस ११ नीं भागावें. भागाकार येईल तीं ‘चक्रें’, आणि बाकी राहिलेल्या वर्षांचेच महिने व दिवस मोजावे. त्यांत अधिकमास मिळवावे, क्षयतिथी वजा कराव्या. चक्र ४०१६ दिवसांचें. दर चक्रांत ग्रह किती सरकतो, तें त्यानें आधींच करून ठेविलें होतें.

पडताळाही बाकीचाच. ४०१६ स ७ नीं भागतां ५ उरतात. म्हणून चक्रसंख्येची पांचपट दिवसांत मिळवून ७ नीं भागावें. शून्य उरल्यास सोमवार, १ उरल्यास मंगळवार. कारण ग्रंथाचा आरंभदिवस सोमवार होता. अधिकमास व क्षयतिथी सरासरीनें धरलेल्या असल्यामुळें एखाद्या दिवसाचा फरक पडे. आलेला वार चालू वाराशीं जुळला नाहीं, तर एक दिवस मिळवावा किंवा वजा करावा. ही कांहीं निव्वळ टापटीप नव्हे. एका दिवसांत चंद्र सुमारें १३ अंश चालतो. तेवढी चूक राहिली कीं एकादशीचा उपास दशमीस घडावयाचा आणि लग्नाचा मुहूर्त भलत्याच नक्षत्रावर जावयाचा.

‘ग्रहलाघवा’वरून महाराष्ट्रांत तीन शतकांहून अधिक काळ पंचांगें झालीं. ग्रहांच्या गतींतील बारीक फरक सांचत जाऊन गणित व आकाश यांत अंतर पडलें, तेव्हां एकोणिसाव्या शतकांत केरो लक्ष्मण छत्रे यांना नव्या वेधांच्या आधारें निराळें पंचांग काढावें लागलें. तरी एका बाकीविषयीं गणेशाला श्रेय दिलेंच पाहिजे. चक्रांत १३६ चांद्रमास बसतात. त्यांना ४०१६ दिवसांहून सुमारें एकषष्ठांश दिवस अधिक लागतो. तेवढा अंशही त्यानें सोडला नाहीं. चक्रसंख्येचा सहावा भाग गणतींत मिळविण्यास सांगितलें. शके १९४८ च्या, म्हणजे इ. स. २०२६ च्या, पाडव्यास १४४२ पासून ५०६ वर्षें होतात; ११ नीं भागतां ४६ चक्रें पुरीं, बाकी शून्य. तो एकषष्ठांश टाकला असता, तर त्या पाडव्यापर्यंत सात दिवसांहून अधिक चूक सांचली असती. आणि पुऱ्या आठवड्याची चूक सातांच्या बाकींत दिसत नाहीं.