पिल्लाचे वय नेमके किती? बाल-अपस्माराच्या संशोधनाला शिस्त कशी लागली

भारतात अपस्माराचे रुग्ण १ कोटीहून अधिक असावेत, असा अंदाज आहे. बालवयातील अपस्मार काही वेळा जनुकीय दोषामुळे होतो, तर काही वेळा मेंदूला झालेल्या इजेमुळे. जन्मताना प्राणवायू कमी पडणे, नवजात अर्भकाच्या रक्तातील साखर उतरणे, मेंदूज्वर, डोक्याला लागलेला मार ही अशा इजेची नेहमीची कारणे. इजेतून उद्भवणाऱ्या या विकाराला अर्जित अपस्मार म्हणतात. इजा आणि पहिली आकडी यांच्यात काही महिने, कधी काही वर्षेही जातात. त्या मधल्या काळात देऊन अपस्मार टाळता येईल, असे सर्वमान्य औषध आजही नाही. त्याचा शोध मुख्यतः उंदरांच्या पिल्लांवर चालतो. या शोधाचा इतिहास हा बऱ्याच अंशी मोजमापाच्या शिस्तीचा इतिहास आहे.

सुरुवात प्रौढ उंदरांपासून झाली. ग्रॅहम गॉडर्ड यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले, की मेंदूला रोज अगदी सौम्य विद्युत उद्दीपन देत राहिल्यास काही दिवसांनी त्याच उद्दीपनाने आकडी येऊ लागते. १९७२ मध्ये रोनाल्ड रॅसीन यांनी अशा आकड्यांच्या पाच पायऱ्या ठरवल्या: चेहऱ्याची हालचाल, मान डोलणे, पुढच्या पायांना झटके, मागच्या पायांवर उभे राहणे आणि अखेर कोसळणे. हे कोष्टक जगभर रूढ झाले. मात्र ते पिल्लांना जसेच्या तसे लागू होईना. दहा दिवसांचे पिल्लू मागच्या पायांवर नीट उभेच राहू शकत नाही. त्याची आकडी अंग ताठ होणे, पोहल्यासारखे पाय हलवणे, खाजवत राहणे अशा रूपांत दिसते. प्रौढांच्या मापाने पाहिले, तर पिल्लाची तीव्र आकडीही किरकोळ ठरण्याचा धोका होता.

वयाचा प्रश्न याहून अवघड होता. १९८१ मध्ये राइस, व्हॅनुची आणि ब्रायरली यांनी ७ दिवसांच्या पिल्लाच्या मानेतील एक मुख्य धमनी बांधून त्याला काही तास केवळ ८ टक्के प्राणवायूच्या हवेत ठेवण्याची पद्धत मांडली. जन्मवेळच्या प्राणवायूच्या कमतरतेचा अभ्यास त्यामुळे शक्य झाला. परंतु ७ दिवसांचे पिल्लू पूर्ण दिवसांच्या बाळासारखे, की अपुऱ्या दिवसांच्या? पुढील अभ्यासांतून त्याचा मेंदू अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अधिक जवळचा वाटू लागला. त्यातच काही प्रयोगशाळा जन्माचा दिवस शून्य धरत, तर काही एक. पिल्लाच्या मेंदूची वाढ इतकी वेगाने होते, की एका दिवसाचा फरकही निष्कर्ष बदलू शकतो.

तिसरी अडचण पाहण्याच्या पद्धतीची. १९९७ मध्ये टॅली बॅरम यांच्या गटाने १० ते ११ दिवसांच्या पिल्लांवर गरम हवेचा झोत सोडून तापातील आकडीचे प्रारूप तयार केले. लांबलेल्या अशा आकडीनंतर पिल्लांना पुढे अपस्मार होतो का? २००० च्या अभ्यासात आपोआप येणाऱ्या आकड्या आढळल्या नाहीत. मेंदू आकडीला अधिक प्रवण झाल्याचे मात्र दिसले. त्याच गटाने पुढे मेंदूच्या विद्युत नोंदी आणि चित्रीकरण एकाच वेळी दीर्घकाळ चालू ठेवले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ३५ टक्के उंदरांना अपस्मार झाल्याचे दिसून आले. प्राणवायूच्या प्रारूपातही २०१० मध्ये बिनतारी यंत्रणेने सलग नोंद घेतल्यावर कळले, की आकड्या झुंडीने येतात आणि दोन झुंडींमध्ये दीर्घ शांतता असते. मोजके तास पाहणाऱ्याच्या पदरी ती शांतताच पडण्याची शक्यता अधिक.

असे विसंगत निष्कर्ष साचत गेले, तेव्हा सामाईक शिस्तीची गरज उघड झाली. २०१० मध्ये प्राणीप्रयोगांच्या वृत्तांतासाठी ‘अराइव्ह’ मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी आणि अमेरिकन एपिलेप्सी सोसायटी यांच्या संयुक्त कृतिगटाने अपस्माराच्या प्रयोगांसाठी सामाईक नोंदघटक ठरवण्याचे काम हाती घेतले. त्यांचा पहिला संच २०१८ मध्ये आला. बालवयातील अर्जित अपस्माराच्या प्रारूपांसाठी स्वतंत्र नोंदतक्ते २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. उंदराचा वाण, लिंग, वय मोजण्याची रीत, एकाच वेतातील किती पिल्ले घेतली, त्यांना आईपासून किती वेळ दूर ठेवले, शरीराचे तापमान, किती पिल्ले दगावली, विद्युत नोंद किती तास घेतली, अशा साध्या गोष्टींची त्यांत विचारणा होते.

सर्वांनी एकच प्रयोग करावा, असा या तक्त्यांचा आग्रह नाही. प्रयोग वेगवेगळे असोत, पण ते परस्परांशी ताडून पाहता यावेत, एवढीच अपेक्षा आहे. भारतात अर्भकांच्या तीव्र अपस्मारामागे जन्मवेळची प्राणवायूची कमतरता हे एक प्रमुख कारण आढळते. त्यामुळे या संशोधनाचा येथील कुटुंबांशी थेट संबंध आहे. अपुऱ्या नोंदींमुळे एखादे निरुपयोगी औषध आशादायक ठरले, तर प्राण्यांचे जीव आणि संशोधकांची वर्षे वाया जातात. आणि उपयुक्त औषध नजरेतून सुटले, तर त्याची किंमत मुलांना मोजावी लागते. वहीत नोंदवलेला पिल्लाच्या वयाचा एक आकडा म्हणूनच क्षुल्लक नाही.