दाढेखालचा तराजू



‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण नशिबाबद्दल वापरतो. आज ती अगदी शब्दशः घेऊ या. चणा फोडणाऱ्या दाढेत जोर असतो तरी किती? आणि तो मोजायचा कशाने? तांदूळ पारड्यात टाकता येतात. चावा कोणत्या पारड्यात टाकणार?

हा प्रश्न तीनशे वर्षांहून जुना आहे. इटलीत बोरेल्ली नावाचा एक गणिती होऊन गेला. शरीर म्हणजे तरफा आणि दोऱ्या यांचे यंत्र, असे धरून त्याने माणसांच्या व जनावरांच्या हालचालींचा हिशेब मांडला. १६७९ साली तो वारला आणि पुढे १६८०-८१ मध्ये त्याचा ग्रंथ छापून निघाला. चाव्याचा जोर मोजायची त्याची रीत पाहा. तोंड उघडायचे, खालच्या दाढांवरून दोरी घ्यायची, दोरीला वजने बांधायची आणि जबडा मिटून ती उचलायची. अशा रीतीने आजच्या मापात सुमारे २०० किलोंपर्यंत भार उचलला गेल्याचे सांगतात. साधन काय, तर दोरी आणि वजने!

गुरुजींना इथेच एक विनंती. हा प्रयोग मुलांच्या जबड्यावर कधीही करू नका. त्याऐवजी वर्गात अडकित्ता न्या. सुपारी टोकाशी धरली तर हात दुखतो. खिळीजवळ धरली की कटकन फुटते. आपल्या जबड्याची खीळ कानापुढे आहे. दाढा तिच्याजवळ आणि पुढचे दात लांब, म्हणून दाढांचा जोर मोठा. कडक चणा आपण कोणी न शिकवताच दाढेखाली सरकवतो, त्याचे कारण हेच.

वजनांनंतर आली स्प्रिंग. अमेरिकेत इलिनॉय प्रांतात, शेतीवाडीच्या मुलखात १८३६ साली जन्मलेला ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक हा पुढे मोठा दंतवैद्य झाला. १८९० नंतरच्या काही वर्षांत त्याने स्प्रिंगचे चावामापक वापरून पुष्कळ माणसांचा चावा मोजला. दाढांची सरासरी निघाली १७१ पौंड, म्हणजे सुमारे ७८ किलो. आज निरोगी प्रौढ माणसाच्या दाढांचा जोर साधारण ३० ते ६० किलोंच्या भाराइतका धरतात. काहींचा याहून बराच जास्तही असतो. साधन बदलले, दाताखालची जाडी बदलली, की आकडाही बदलतो, हे ध्यानात ठेवा.

तिसरी पायरी विजेची. १९३८ साली अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, स्ट्रेन गेज तयार केले. धातूच्या पट्टीवर बारीक तार चिकटवायची. पट्टी वाकली की तार किंचित ताणली जाते आणि तिचा विजेला होणारा विरोध बदलतो. तो बदल मोजला की जोर कळला. १९४८ साली हॉवेल आणि मॅन्ली यांनी तोंडातला जोर मोजण्याचे असे विद्युत साधन प्रसिद्ध केले. पण ते प्रयोगशाळेचे काम. खेड्यातल्या दवाखान्यापासून ते पुष्कळ लांब राहिले.

आता भंडाऱ्याच्या बाजारात या. किराणा दुकानात आकडे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा असतो ना? बहुतेक अशा काट्यांच्या पोटात तेच स्ट्रेन गेज बसलेले असते. प्रयोगशाळेतली वस्तू तांदूळ तोलता तोलता स्वस्त झाली. म्हणून आज दंतवैद्यकाचे संशोधक, आपल्या देशातलेसुद्धा, असे सुटे भाग घेऊन चिमट्यासारखी साधी चावामापके बनवतात. दुसराही एक प्रकार आहे. दाबताच विरोध बदलणारी कागदासारखी पातळ चकती दातांमध्ये ठेवायची.

एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. तर बघा, मोहाडीचा एखादा कास्तकार गाडीवरून पडून जबडा मोडतो. हाड बसवल्यावर पहिले काही आठवडे त्याचा चावा पुष्कळ कमजोर असतो आणि हळूहळू वाढतो. भात-वरण किती दिवस, भाकरी केव्हापासून, हे ठरवायला आकड्याची मदत होते. आजीला कवळी बसवली, तर तिचा जोर स्वतःच्या दातांच्या मानाने कित्येकदा पाव हिश्श्यावर येतो. ‘आजी खातच नाही’ म्हणून घरचे रागावतात. तिला चावतच नसते. आणि आपल्या विदर्भातला खर्रा! त्यातल्या सुपारीने तोंडाची आतली त्वचा ताठ होते आणि तोंड उघडेनासे होते. अशा तोंडात जाडा चिमटा जाणार कसा? तिथे ती पातळ चकतीच उपयोगी. नागपूरचे सरकारी दंत महाविद्यालय १९६८ साली स्थापन झाले. भंडाऱ्याहून ते साठेक किलोमीटर आहे. पण दर वेळी मजुरी बुडवून, भाडे खर्चून एका आकड्यासाठी तिथे जाणे गरिबाला परवडत नाही. साधन स्वस्त असावे ते यासाठी.

मात्र स्वस्त म्हणजे कच्चे नव्हे. दुकानातला काटा वैधमापन खाते तपासते आणि शिक्का मारते. चावामापकाची अशी तपासणी वापरणाऱ्यानेच करायला हवी. खात्रीची वजने ठेवून आकडा बरोबर येतो का, हे वरचेवर पाहायचे. पातळ चकत्यांची तर अधिक खबरदारी हवी. वापराने त्यांचे माप सरकते. प्रत्येक रोग्यासाठी नवे, स्वच्छ आवरण हवे. दातांना मऊ गादी हवी. नाहीतर दात फुटेल या भीतीने माणूस जोर लावतच नाही. आणि माप एकदा घेऊन भागत नाही. दोन-तीनदा घ्यावे लागते.

बोरेल्लीची वजने, ब्लॅकची स्प्रिंग, आजचे स्ट्रेन गेज ही तिन्ही साधने बाजारातल्या तराजूचीच भावंडे. बाजारात तराजू खरा असावा म्हणून आपण भांडतो. तुमसर-साकोलीच्या दवाखान्यातही असा एक खरा आणि स्वस्त तराजू असावा, ही मागणी काही मोठी नाही. आजीच्या ताटात काय वाढायचे, ते मग अंदाजावर राहणार नाही.