अहमदनगरचें विस्मृत पीक

शाळेंत भूगोल शिकवितांना जिल्ह्याच्या पिकांत मीं ज्वारी, बाजरी, ऊस हीं नांवें सांगितलीं. गांज्याचें नांव कधीं घेतलें नाहीं. वस्तुतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यांत ज्या थोड्या जिल्ह्यांत परवान्यानें गांजा पिके, त्यांत अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, प्रमुख होतें. १८९३ सालीं नेमलेल्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशननें देशभर ११९३ साक्षी नोंदविल्या, त्यांतून या लागवडीची हकीकत राहिली.

जमीन निचऱ्याची हवी, शेणखत मुरलेलें हवें, हें खरेंच. पण नुसत्या खतानें झाड पाल्यानें माजतें. मालाचा कस असतो मादीच्या तुऱ्यांवरील राळेंत. नराचा पराग तेथें पडला कीं झाडाचा जोर बीं भरण्यांत खर्च होतो व राळ घटते. म्हणून नर ओळखून फुलण्यापूर्वींच उपटावे लागत. एखादा नजरेंतून सुटला, तर शेजाऱ्याच्याहि तुऱ्यांत बीं धरे! बंगालमध्यें नवगांवास यासाठीं खास पारखी बोलावीत; साहेबलोक त्यास गांज्याचा डॉक्टर म्हणत. काढणीनंतर तुरे पायांनीं तुडवून चपटा गांजा तयार होई.

१९८५ च्या कायद्यानें अशी विनापरवाना लागवड गुन्हा ठरली. तें योग्यच, व्यसनानें बुडालेलीं घरें मीं पाहिलीं आहेत. मात्र वनस्पतींतील नर-मादीचा भेद मी मुलांना पपईवरून समजावीत असें. तोच धडा याच मातींतल्या कुणब्यांस शंभर वर्षांपूर्वीं तोंडपाठ होता, हें मला पेन्शनींत आल्यावर कळलें.