सेक्टर २२, चंदीगड

चंदीगडमधील सर्वांत आधी उभ्या राहिलेल्या निवासी वस्त्यांपैकी एक. फाळणीत लाहोर गेल्यावर भारतातील पंजाबला राजधानी उरली नाही. नव्या राजधानीसाठी शिवालिकच्या पायथ्याची, पूर्वेला सुखना चो आणि पश्चिमेला पटियाला की राव या नद्यांमधील जमीन निवडली गेली. या नद्या नावालाच. एरवी कोरडी वाळू, पावसाळ्यात गाळाचा लोंढा. १९६६ मध्ये पंजाबचे विभाजन होऊन शहर केंद्रशासित झाले. आज मोहाली पंजाबात आणि पंचकुला हरियाणात, दोन्ही शहराला खेटून आहेत.

वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांच्या शहराच्या आराखड्यात सेक्टर हे सुमारे १,२०० बाय ८०० मीटरचे स्वयंपूर्ण एकक होते. शाळा, दवाखाना, बाजार पायी गाठता यावेत आणि भरधाव वाहतूक बाहेरून जावी, अशी ही आखणी. २२ मधील बरेचसे काम मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू या ब्रिटिश वास्तुविशारद दांपत्याचे; किरण सिनेमाही फ्राय यांचाच. सिमेंट-पोलाद महाग, म्हणून घरे विटांची. ऊन अडवून वारा आत घेणाऱ्या विटांच्या जाळ्या जुन्या घरांवर अजून दिसतात. सरकारी घरांच्या श्रेणी मुख्यमंत्र्यांपासून शिपायापर्यंत ठरलेल्या होत्या. शहराची उतरंड त्यातून दिसतेच. पण सर्वांत स्वस्त घरालाही दोन खोल्या, स्वयंपाकघर, अंगण, नळ आणि स्वतंत्र संडास होता. मुंबईच्या चाळींत मजल्यागणिक सामाईक संडास असण्याचा तो काळ, हे लक्षात घेतले की या घरांचे मोल कळते.

बाजाराचा हिशेब मात्र चुकला. खाली दुकान, वर बिऱ्हाड अशी रचना सेक्टरच्या गरजेपुरती होती. पण शेजारीच सेक्टर १७ चे बसस्थानक. बाहेरगावचा प्रवासी उतरला की रस्ता ओलांडून २२ मध्ये येतो. शास्त्री मार्केटमधील कपड्यांची दाटी, मोबाइलची दुकाने आणि हॉटेले त्याच्याच जिवावर चालतात. त्यामुळे २२ हा शहरातील सर्वांत कमी शिस्तीचा आणि बहुधा सर्वांत जिवंत सेक्टर ठरला आहे. सिडकोने नवी मुंबईतही सेक्टरांना असेच आकडे दिले. तिथल्या रहिवाशाला ही गर्दी परकी वाटणार नाही.

२२ धरून सेक्टर १ ते ३० हा शहराचा पहिला टप्पा वारसा मानला जातो. तेथील घरांचे मजल्यांनुसार स्वतंत्र सदनिकांत विभाजन करण्यास सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मनाई केली.