सत्याग्रहाकडून शस्त्राकडे : हैदराबाद मुक्तिलढा आणि आष्टी-कड्याची सरहद्द

नगरहून जामखेडला जाणारा रस्ता १९४८ पूर्वी दोन राज्यांतून जात असे. त्याची दोन्ही टोके इंग्रजी मुलखात, तर मधले कडा आणि आष्टी ही गावे निजामाच्या हद्दीत, म्हणजे लोकांच्या भाषेत मोगलाईत होती. आष्टी तालुका नगर जिल्ह्यात असा घुसलेला आहे की, त्याच्या तीन बाजूंना परमुलूखच होता. हैदराबाद संस्थानातील चळवळ सत्याग्रहापासून शस्त्रापर्यंत कशी गेली, याचा विचार बहुधा पुढाऱ्यांच्या मतपरिवर्तनाच्या अंगाने केला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो या सरहद्दीच्या अंगाने करणे अधिक फलदायी ठरेल.

चळवळीचा आरंभ अर्ज-विनंत्यांनी झाला. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूर येथे भरले. तेथील मागण्या नागरी हक्कांच्या आणि जबाबदार राज्यपद्धतीच्या होत्या. सप्टेंबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर, ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच, बंदी आली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू होऊन डिसेंबरात तो स्थगित झाला. स्वामी रामानंद तीर्थ व त्यांचे सहकारी तुरुंगात गेले. बंदी उठण्यास १९४६ साल उजाडावे लागले. या काळात सरहद्दीचा उपयोग नव्हता असे नाही. १९३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहात सोलापूरकडून तुकड्या आत जात होत्या. परंतु इंग्रज सरकारने निःशस्त्र माणसे सोसली; बंदुका खचित सोसल्या नसत्या, कारण निजाम हा त्यांचा अंकित मित्र होता.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी ही स्थिती पालटली. निजामाने जूनमध्येच स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला होता. आता पलीकडचा मुलूख स्वतंत्र भारताचा झाला, आणि अलीकडे कासिम रझवीच्या रझाकारांचा जोर वाढत गेला. सत्याग्रहाला समोरच्या सत्तेकडून एक किमान अपेक्षा असते : ती अटक करील, खटला भरील, केव्हातरी सोडील. गावेच जाळली जाऊ लागली तेव्हा ही अपेक्षा उरली नाही. मनमाड, सोलापूर, बार्शी, नगर या भागांत छावण्या उभ्या राहिल्या. स्वामीजी जानेवारी १९४८ पासून पुन्हा कैदेत होते; बाहेरील कामाची धुरा दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ प्रभृतींनी वाहिली. त्याच ३० जानेवारीला उमरीची बँक लुटली गेली.

मात्र लक्ष्ये फारशी बदलली नाहीत, हे विशेष आहे. १९४७ च्या कायदेभंगात शिंदीची झाडे तोडणे, लेव्हीचे धान्य न देणे हे कार्यक्रम होते. पुढे शस्त्रधारी तुकड्यांनी हल्ले केले ते करोडगिरीच्या नाक्यांवर, पोलीस ठाण्यांवर आणि गावदप्तरांवर. रयतेला सरकार भेटे ते याच ठिकाणी. शिवाय वाटाघाटी थांबल्या नव्हत्या. २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार आणि छावण्या एकाच काळात नांदत होत्या. अमेरिकेतील वसाहतवाल्यांचेही असेच झाले. एप्रिल १७७५ मध्ये लेक्झिंग्टनला गोळीबार झाल्यावर, जुलैत त्यांच्या काँग्रेसने राजाकडे समेटाचा अर्ज धाडला. अर्ज आणि शस्त्र या क्रमाने येणाऱ्या दोन पायऱ्या आहेत, ही समजूत दोन्हीकडे टिकत नाही. फरक एवढाच की, त्यांना आश्रयाला शेजारचा स्वतंत्र मुलूख नव्हता.

शस्त्राचा हिशेब मांडताना एक प्रकरण आपल्याकडे सहसा वगळले जाते, आणि ते अन्याय्य आहे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मुसलमान वस्तीवर जे अत्याचार झाले, त्यांची पाहणी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. मृतांचा तिचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा होता. सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड यांची नावे दिली. अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. रझाकारांच्या क्रौर्याने त्याचा खुलासा काही अंशी होतो, समर्थन होत नाही. छावण्यांचा इतिहास लिहिणाऱ्याने हा अहवालही शेजारी ठेवला पाहिजे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. कड्याजवळची सरहद्द तेव्हापासून केवळ दोन जिल्ह्यांची हद्द राहिली आहे.