आचार्य, आचारी आणि पडद्यावरचा अर्धा र

मराठीच्या प्राध्यापकाला संगणकाची भीती वाटते, हे विधान महाविद्यालयांतून बरीच वर्षे विनोदाने केले जात असे. ते सर्वस्वी खोटे नव्हते. मात्र त्या भीतीचे कारण आमच्या वयात आणि वृत्तीत शोधले गेले. वास्तविक ते लिपीत होते.

आम्ही शिकवू लागलो ते २००० नंतरच्या पहिल्या दशकात. प्रश्नपत्रिका हाताने लिहावी आणि कार्यालयातील लिपिकाने ती टंकित करावी, असा तेव्हाचा रिवाज. प्रोजेक्टर विज्ञान विभागाकडे असे. तो एकदा विनंती करून मागून आणला. घरी रात्र जागून तयार केलेले टिपण वर्गात उघडले, तर पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि प्रश्नचिन्हे यांचा काला. विद्यार्थी हसले, तेही जरा संकोचूनच. आम्ही खडू उचलला आणि पुढे दोन-तीन वर्षे त्या यंत्राच्या वाटेला गेलो नाही.

गंमत अशी की, तोवर उपाय अस्तित्वात होता. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ सालीच ठरले होते आणि त्याच वर्षीच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली होती. व्यवहारात मात्र प्रत्येक फाँट आपापली वर्णरचना रोमन अक्षरांच्या जागी बसवी. तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसला की मराठीचे सोंग उतरे. हे बदलले ते विंडोज २००० पासून, आणि तेही हळूहळू. त्या प्रणालीसोबत आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट र. कृ. जोशी यांनी घडवला होता. लघुअनियतकालिकांच्या चळवळीतले हे कवी आम्ही अभ्यासक्रमात शिकवत होतो. त्यांचेच अक्षर संगणकात आहे, याचा आम्हांला पत्ता नव्हता! साहित्याच्या विभागांनी हा दुवा आपला मानला असता, तर आमची निम्मी भीती तेव्हाच गेली असती असे वाटते.

खरा धीर आला तो एका चुकीमुळे. युनिकोडमध्ये टंकित केलेली एक कविता पडद्यावर होती आणि ‘डोंगरदऱ्या’च्या ठिकाणी ‘डोंगरदर्या’ उमटले होते. दऱ्यांचा समुद्र झाला. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे व्याकरणातले जुने उदाहरण आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहीत आलो होतो. तोच भेद आता यंत्राला कळत नव्हता. संगणक विभागातल्या तरुण सहकाऱ्याकडे गेलो, तर त्याला यात चूक काय हेच दिसेना. त्याला रफार आणि अर्धा र यांतला फरक समजावून सांगावा लागला. मग दोघांनी मिळून शोधले : खाली टिंब असलेला ऱ घ्यावा, त्याचा पाय मोडावा आणि पुढे य लिहावा. इनस्क्रिप्ट कळफलकावर र ज्या कळीवर आहे, तीच शिफ्टसह दाबली की हा ऱ मिळतो. इतकी साधी गोष्ट. पण त्या दिवशी प्रथमच यंत्रासमोर आमचे ज्ञान उपयोगी पडले होते.

त्यानंतर पडद्याकडे आम्ही वेगळ्या गरजेने गेलो. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ सालची. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्तीही त्याच सालची. शिकागो विद्यापीठाने हा कोश महाजालावर आणल्यामुळे कादंबरीतला अडलेला शब्द वर्गातच, तिच्या समकालीन कोशात पाहता येऊ लागला. पूर्वी ‘ग्रंथालयात जाऊन पाहा’ असे सांगून आम्ही पुढे जात असू. कोण पाहत असे हे आम्हांलाही ठाऊक होते. आता शब्द विद्यार्थीच सुचवतात, आणि कधी कधी आमचा सांगितलेला अर्थ चुकीचा ठरतो. ही जोखीम पत्करण्याइतका विश्वास यायला मात्र वर्षे लागली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि साऱ्यांनाच पडद्यावर यावे लागले. आमच्या विभागात त्या वेळी टंकनावाचून कुणाचे अडले नाही. अडले ते कवितेचे : समोर नावे लिहिलेले काळे चौकोन, आणि ओळ वाचून झाल्यावरची शांतता कसली, हे कळायला मार्ग नाही. वर्ग पुन्हा भरले तेव्हा छंद शिकवताना आम्ही प्रोजेक्टर बंद केला. लघु-गुरूच्या खुणा अजूनही खडूनेच करतो, कारण विद्यार्थ्याला फळ्यापाशी बोलावून त्या पुसायला लावता येतात.