पाण्याचा उन्हाळा

जमावबंदी म्हटलं की आमच्या वस्तीत पोटात गोळा येतो. 2016 च्या मार्चमध्ये लातुरात 144 कलम लागलं, ते मात्र दंगलीसाठी नव्हे. पाणी भरायच्या जागी पाचापेक्षा जास्त माणसांनी जमू नये, म्हणून! मांजरा धरण आटलेलं. 12 एप्रिलला पहाटे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं : दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली.

अम्मीनं बहात्तरचा दुष्काळ पाहिलेला. मला मांडीवरून उतरवून ती दुष्काळी कामावर खडी फोडायला बसायची. सुकडी, मिलो, काय मिळेल ते खाल्लं. ती म्हणाली, "तवा भाकर नव्हती बाबा, पर आडात पाणी होतं."

2016 मध्ये दुकानात धान्य होतं. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत आड बुजले, बोअर खोल खोल गेले आणि ऊस वाढला. पाऊस हुकला हे खरं, पण सगळा दोष त्याच्या माथी कसा मारायचा?

अम्मी वजूचं पाणी परातीत धरायची. एरवी ते मोगऱ्याला जायचं. त्या उन्हाळ्यात आधी भांड्यांचा नंबर लागला.